पहिला मान लालबागचा

लालबागमध्ये मिरची कुटणाऱ्या डंकाचा ठोका सेकंदाला साधारण दोनदा पडतो. वरच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याने भरलेला पेला टेबलावर ठेवला, तर पाण्यावर बारीक वर्तुळे उठतात. ही वर्तुळे मी शुक्रवारी सकाळी पाहिली. आधीचे दोन दिवस मी दादर आणि गिरगावात जी तक्रार ऐकत होते, तिचे अर्धे उत्तर त्या पेल्यात होते.

सोलापुरात आमच्या भागातली दोन वाचनालये आणि एक ज्येष्ठ नागरिक संघ मिळून एकच नेटवर्क उभारण्याच्या विचारात आहेत. मुंबईत तीन संस्थांनी हे केले आहे, ते कसे चालते ते बघून या, असे मला सांगण्यात आले. वृत्तपत्राच्या कचेरीत सव्वीस वर्षे काढल्यावर बघणे आणि लिहिणे एवढेच येते, म्हणून मी गेले. एप्रिल सुरू होता. बस वेळेवर निघाली आणि वेळेवर पोहोचली. सामानात शेंगाचटणीचे तीन डबे होते, प्रत्येक संस्थेसाठी एक.

बुधवार, दादर

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांसमोरून जाताना विक्रेते पदपथावर येऊन उभे असतात आणि आत यायला सांगतात. सोलापुरात चादरीचा दुकानदार गादीवरून उठत नाही. गिऱ्हाईक आत आले तरी तो आधी चहा मागवतो, मग बघतो. इथे मला शंभर पावलांत चार जणांनी ताई आणि एकाने मावशी म्हटले. दादरचे केंद्र याच रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. खाली अभ्यासिका, वर विरंगुळा केंद्र आणि जिन्याखाली जाळीच्या कपाटात यंत्रे.

केंद्राच्या अध्यक्ष वैद्यबाई चाळीस वर्षे गणित शिकवत होत्या. पर्समध्ये अजून खडू असतो. त्यांनी मला पीयूष पाजले आणि श्रद्धा गावडेला बोलावून घेतले. श्रद्धा चौतिशीची, नेटवर्क इंजिनिअर. वाढली लालबागला, लग्नानंतर राहते घोडपदेवला. तिन्ही संस्थांचे नेटवर्क तिने आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी दोन वर्षांत उभारले. लालबागच्या संस्थेचे अध्यक्ष तिचे वडील आहेत, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा बरे, असे तिचे म्हणणे.

तिने जे समजावले ते असे. पूर्वी नेटवर्कमधल्या प्रत्येक पेटीला, म्हणजे स्विचला, स्वतःचे डोके असे. कुठला संदेश कुठल्या वाटेने पाठवायचा हे ती पेटी ठरवी. आता ते डोके पेटीतून काढून एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. त्याला कंट्रोलर म्हणतात. सगळ्या वाटांचा नकाशा कंट्रोलरकडे असतो. पेट्या फक्त हुकूम पाळतात. तिच्या वडिलांनी कंट्रोलर हा शब्द दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा त्याला मुकादम म्हटले. ते गिरणीत होते. तेव्हापासून तिन्ही केंद्रांत हाच शब्द चालतो. पडद्यावरही तोच लिहिला आहे.

मुकादम एकच ठेवला आणि तो बंद पडला, तर सगळेच थांबेल. म्हणून लालबाग, गिरगाव आणि दादर येथे एकेक मुकादम. तिघांपैकी एक प्रमुख, बाकीचे दोघे त्याच्या नकाशाची नक्कल जवळ बाळगतात. प्रमुख गेला की उरलेले दोघे आपल्यातला एक निवडतात. मी विचारले, दोन का नाहीत. वैद्यबाईंनी खडू काढला. फळ्यावर दोन वर्तुळे काढली, मधली रेघ पुसली आणि म्हणाल्या, "आता या दोघांनाही वाटणार की समोरचा गेला आणि मीच उरलो. दोघेही हुकूम सोडणार. तिसरा असला की दोघांचं बहुमत होतं. वर्गात मी मॉनिटर असाच निवडायचे."

व्यवस्था नीट होती. तरीही गेल्या महिन्यापासून दादरचा आणि कधी गिरगावचा पडदा मधूनच काळा होत होता. दहा-पंधरा सेकंदांनी परत येई. कधी डॉक्टरांच्या व्याख्यानात, कधी स्पर्धा परीक्षेच्या वर्गात. श्रद्धाचा सहकारी नीलेश परब महिनाभर तारा तपासत होता. तारा चांगल्या होत्या. कंटाळून गिरगावच्या संस्थेने पत्र दिले होते: शनिवारी संध्याकाळी चाचणी घ्यावी. लालबागचे भजन तिन्ही ठिकाणी दाखवावे. ते चालू असताना एका मुकादमाचे बटण बंद करून पुन्हा सुरू करावे. पडदा एकदा जरी काळा झाला, तर प्रत्येक संस्था आपली वेगळी व्यवस्था करील.

म्हणजे श्रद्धाचे दोन वर्षांचे काम तीन तुकड्यांत जाणार होते. ती हे सांगताना पीयूषचा पेला फिरवत होती. नीलेश म्हणाला, घाबरू नकोस, तुकडे झाले तरी तिन्ही तुकड्यांना दुरुस्तीला आपणच लागू. ती हसली नाही.

गुरुवार, गिरगाव

गिरगावच्या संस्थेचे अध्यक्ष नाना धैर्यवान हे निवृत्त वकील. घराणे मुंबईतले जुने. आजोबांच्या घरात किती खोल्या होत्या हे ते सांगत नाहीत, पण खिडक्या किती होत्या हे सांगतात. त्यांनी मला अकराला बोलावले आणि सव्वाअकराला जेवायला बसवले. बोंबलाचे भुजणे होते. पाणी जवळजवळ नाही, लसूण भरपूर, वरून कोथिंबीर. सोलापुरात मासा म्हणजे उजनीचा, आणि तोही तेलात लाल झालेला. मी दोनदा वाढून घेतले. नानांनी शेंगाचटणीचा डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि हे काय लाकडी उखळात केले आहे का, असे विचारले. हो म्हटल्यावर त्यांनी डबा कपाटात, किल्लीच्या आत ठेवला. तो संस्थेसाठी होता, हे सांगायचे मी टाळले.

नानांची तक्रार मुद्देसूद होती. त्यांच्याकडे तारखांची यादी होती, पडदा किती वेळ काळा होता याच्या नोंदी होत्या. शेवटची नोंद लाल शाईत होती. त्या दिवशी गिरगाव आणि दादर यांच्यात पडद्यावरून बुद्धिबळाचा सामना चालू होता. नाना विरुद्ध वैद्यबाई. नानांच्या म्हणण्याप्रमाणे ते चार चालींत जिंकणार होते. पडदा गेला, घड्याळ चालू राहिले, आणि पडदा आला तेव्हा नानांचा वेळ संपलेला होता.

"मला हरण्याचं दुःख नाही," नाना म्हणाले. "हरलो असतो तर पाहिलं असतं. मला हरूसुद्धा दिलं नाही."

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या की, चार चाली नाहीत, सहा. आणि त्या चालीही बाईंनी चुकीच्या खेळल्या तरच.

मग नानांनी संयुक्त सभेचे इतिवृत्त काढले. नेटवर्क सुरू होण्याआधी तिन्ही संस्थांची जी सभा झाली, तिची ही नोंद. त्यात एक ठराव असा: यंत्रे ठेवायला सर्वप्रथम जागा लालबागने दिली, सबब पहिला मान लालबागचा, दुसरा गिरगावचा, तिसरा दादरचा. मी विचारले, हा मान कशासाठी. नाना म्हणाले की, पत्रकावर नाव कुठले आधी, दीप कोण लावणार, असल्या गोष्टींवरून आधी दोन सभा मोडल्या होत्या. तिसऱ्या सभेत वैद्यबाईंनी हा ठराव मांडून भांडण मिटवले. सोलापुरात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कुठला ध्वज पुढे आणि कुठला मागे हे ठरलेले असते आणि कुणी त्यावर बोलत नाही. मला ठराव शहाणपणाचा वाटला. मी तो वहीत उतरवून घेतला आणि पुढे गेले. वृत्तपत्रात असते तर वरिष्ठांनी विचारले असते की, हा ठराव यंत्राला कुणी सांगितला का. मला ते सुचले नाही.

दुपारी नानांनी गिरगाव फिरवून दाखवले. त्यांचा वेग कमी आणि माहिती जास्त. एका गल्लीच्या तोंडाशी खरवस मिळतो तिथे ते थांबले आणि साखरेचा की गुळाचा, यावर विक्रेत्याशी त्यांनी बराच वेळ चर्चा केली. विक्रेता त्यांना अहो नाना म्हणत होता आणि ऐकत काहीच नव्हता. शेवटी गुळाचा घेतला. निरोप देताना नाना म्हणाले की, श्रद्धा गुणी मुलगी आहे, पण पत्र मागे घेणार नाही.

शुक्रवार, लालबाग

एप्रिलमध्ये लालबागेत आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीची पोती उघडी ठेवलेली असतात. बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला येतात. धणे, खडा मसाला, हळकुंडे भाजून, मोजून डंकावर देतात आणि आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून डंकाशेजारी उभ्या राहतात. आमच्याकडे काळा मसाला घरीच कुटतात किंवा गिरणीत टाकून निघून जातात. उभे राहून पहारा कुणी देत नाही. एक बाई रत्नागिरीला लेकीकडे पाठवायचा मसाला कुटत होत्या. त्यांनी मला नाव-गाव विचारले, सोलापूर म्हटल्यावर, तुमच्याकडे तिखट खातात म्हणे, असे म्हणाल्या. मी हो म्हणायला तोंड उघडले आणि सात शिंका आल्या. बाई इतक्या हसल्या की, त्यांच्या जागी पहारा मला द्यावा लागला.

लालबागचे केंद्र याच डंकाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे नीलेश टेबलाखाली झोपून प्लग बघत होता. पेला त्यानेच ठेवला होता. ठोक्यागणिक जमीन हलते, जमिनीबरोबर भिंतीवरचा जुना सॉकेट हलतो, आणि प्लग केसाएवढा बाहेर येतो. मसाल्याचे दिवस सुरू झाल्यापासून डंक सकाळ-संध्याकाळ चालू होता. मुकादमाचा वीजपुरवठा क्षणभर तुटे, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. बाकीच्या पेट्या आणि कॅमेरा बॅटरीवर होते, त्यांना काही होत नसे. महिनाभर सगळ्यांनी तारा तपासल्या, प्लग कुणी पाहिला नाही.

नीलेशने नवा सॉकेट बसवला आणि हात झटकले. श्रद्धा मात्र खुर्चीवरून उठली नाही. तिचे म्हणणे असे की, प्लग सुटला म्हणून मुकादम गेला, हे ठीक. पण मुकादम गेला तर पडदा का जावा? त्यासाठीच तर तीन ठेवले. आणि उद्या बटण बंद करणार आहेत, तेव्हा नवा सॉकेट काय कामाचा?

तिने वैद्यबाईंना फोन लावून दादरच्या पडद्यासमोर बसवले. लालबागच्या मुकादमाचे बटण बंद केले.

"चालू आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "चालूच आहे."

भिंतीवर एक फलक आहे, छोटा पडदाच तो. त्यावर तीन नावे आणि तीन रंग. प्रमुख हिरवा, सोबती निळा, बंद पडलेला लाल. लालबाग लाल झाले, गिरगाव हिरवे झाले. नीलेशने मग लालबागहून दादरला थेट जाणारी तार काढली. नव्या प्रमुखाने लगेच गिरगावावरून वळसा घालणारी वाट काढली. बाई म्हणाल्या, चालू आहे. श्रद्धाने लालबागचे बटण पुन्हा सुरू केले. अर्ध्या मिनिटात लालबाग हिरवे झाले, गिरगाव निळे.

"गेला," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आला."

तिघांनी हे पुन्हा दोनदा करून पाहिले. लालबाग जाताना काही होत नव्हते. परत येताना होत होते. लालबाग आले की लगेच प्रमुखपद परत घेई. त्याच्याकडचा नकाशा बंद पडण्यापूर्वीचा, त्यात काढलेली तार अजून जोडलेली. तो सगळे संदेश त्या तारेवर पाठवी. चूक कळून नकाशा बदलेपर्यंत पडदा काळा. एरवी तार कुणी काढत नसे, पण तेवढ्या वेळात गिरगावने बदललेल्या वाटा त्याच्या नकाशात नसत.

"म्हणजे रजेवरून आलेला मुख्याध्यापक," वैद्यबाई म्हणाल्या. "आला तो थेट घंटेपाशी. वेळापत्रक बदललंय हे त्याला ठाऊकच नाही."

मी विचारले, परत आलेला मुकादम लगेच प्रमुख का होतो. नीलेशने श्रद्धाकडे पाहिले. श्रद्धाने माझ्या वहीकडे पाहिले, कारण ठराव तिथे उतरवलेला होता. मूळ सॉफ्टवेअरमध्ये अशी तरतूद नव्हती. त्यात ज्याचा नकाशा मागे पडला आहे त्याला कुणी निवडतच नाही. पण श्रद्धाने इतिवृत्त शब्दशः पाळले होते. लालबाग हजर असेल तर प्रमुख लालबाग. नसेल तर गिरगाव. तेही नसेल तर दादर. दीप कोणी लावायचा याचा क्रम तिने वरून यंत्रात घातला होता, आणि आतापर्यंत त्यावर सगळे खूश होते. गिरगावचे यंत्र जाऊन परत आले, की तेही दादरपुढे असाच मान घेई.

नीलेश म्हणाला, "काढून टाक ना. दोन ओळी आहेत. कोणाला कळणार?"

"फलकावर दिसेल रे," श्रद्धा म्हणाली. "उद्या लालबाग परत आल्यावर हिरवं झालं नाही, तर इथल्या माणसांना वाटेल बिघडलं. आणि बाबांना वाटेल मी गिरगावला घाबरले."

ओळी दोन होत्या, पण त्या काढायला वडिलांचा होकार हवा होता. आणि तिचे वडील, सगळे ज्यांना बुवा म्हणतात ते तुकाराम गावडे, त्या मानाला किती जपतात हे फलकाखालच्या हारावरून दिसत होते. फलक सुरू झाल्यापासून दर गुरुवारी ते तिथे झेंडूचा हार घालतात. नेटवर्कसाठी जागा मागत श्रद्धा सात संस्थांकडे गेली होती, सगळ्यांनी नाही म्हटले होते. पहिला होकार बुवांनी आपल्या भजनी मंडळाकडून मिळवून दिला, तोही भजनाच्या तालमीची अर्धी खोली सोडून.

दुपारी गावड्यांच्या घरी जेवण. तांदळाची भाकरी, तळलेले बांगडे, सोलकढी. ज्वारीची भाकरी तोडावी लागते, ही दुमडते. एवढाच फरक नाही, पण बाकीचा लिहायला वेगळा लेख लागेल. बुवांनी शेंगाचटणी भातात कालवून त्यावर सोलकढी ओतली. तीन घास झाल्यावर ते म्हणाले की, सोलापूरची माणसे बरी दिसतात. श्रद्धा जेवताना मानाबद्दल बोलेल असे मला वाटले होते. ती दोनदा सुरुवात करून माशाबद्दल बोलली.

संध्याकाळी सातला तालीम. खोलीच्या अर्ध्या भागात यंत्रांचे कपाट, अर्ध्या भागात सतरंजी, बाजाची पेटी, पखवाज आणि बारा माणसे. बुवा पेटीवर. दुसरा अभंग चालू असताना साटम नावाचे गृहस्थ आले. हे मंडळातले बुवांच्याही आधीचे गायक. रुग्णालयात नोकरी, पाळी संपवून यायला उशीर झाला होता. कुणी गाणे थांबवले नाही, कुणी जागा करून दिली नाही. साटम चपला काढून शेवटच्या ओळीत बसले, झांज उचलली आणि अभंग संपेपर्यंत नुसती साथ केली. पुढच्या अभंगाला बुवांनी मान हलवली, तेव्हा त्यांनी सूर लावला.

श्रद्धा कपाटाला टेकून उभी होती. हे ती लहानपणापासून बघत आली असणार. तालीम संपल्यावर तिने वडिलांना विचारले की, उशिरा साटमकाकांऐवजी तुम्हीच आलात तर?

बुवा पेटीचा भाता बंद करत होते. "बुवा झालो म्हणून काय झाला? उशिरा इलो तर पाठी बसाचा. झांज घेवची. काय चाललाहा ता आधी आयकाचा. नायतर सूर येगळो, ताल येगळो, आनि लोक हसतत."

"बाबा, आपला मुकादम तसं करत नाही," ती म्हणाली. "तो येतो आणि थेट पेटीवर बसतो. मीच तसं शिकवलंय त्याला."

मग तिने सगळे सांगितले. प्लग, नकाशा, ठराव, दोन ओळी. त्या काढल्या तर लालबाग नेहमी हिरवे दिसणार नाही. जो सांभाळत असेल तो सांभाळत राहील, मग तो गिरगावचा असो की दादरचा. बुवांनी फलकाकडे पाहिले. साटम आणि आणखी दोघे सतरंजी गुंडाळता गुंडाळता थांबले.

बुवांनी एवढेच विचारले की, उद्या बटण कोण बंद करणार. नाना गिरगावातून येणार आहेत, असे श्रद्धाने सांगितले.

"नानांका सांग, खयच जाव नको," बुवा म्हणाले. "थयच बसून बघा म्हण. लालबागचा बटन मी बंद करतलंय."

श्रद्धाने त्याच संध्याकाळी दोन ओळी काढल्या. फलकाखालचा हार तिने काढला नाही.

शनिवार, लालबाग

भजन तळमजल्यावर, चाळीच्या चौकात. सहाला खुर्च्या भरल्या. एका बाजूला मोठा पडदा, त्याच्या डाव्या अर्ध्यात गिरगाव, उजव्या अर्ध्यात दादर. तिथे लोक आम्हाला बघत होते, आम्ही त्यांना. त्याच पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात फलकाची तीन नावे. गिरगावात नाना पहिल्या रांगेत, हातात वही. दादरमध्ये वैद्यबाईंनी खुर्च्या वर्गासारख्या मांडल्या होत्या. मसाला कुटायला आलेल्या चार बायका डबे मांडीवर घेऊन मागे बसल्या. डंकवाल्याने संध्याकाळपुरता डंक बंद ठेवला होता. नीलेशने त्याला दोनदा सांगितले की, आता चालला तरी हरकत नाही. त्याने ऐकले नाही. त्याला भजन ऐकायचे होते.

सुरुवातीला बुवा माइकपाशी उभे राहिले. खाकरून त्यांनी प्रमाण मराठीत सांगितले, तेही सावकाश: "पहिला मान लालबागचा असं लिहिलेलं आहे. दीप लावायचा मान आम्ही ठेवतो. मुकादमीचा मान आजपासून सोडला. जो सांभाळतोय त्याने सांभाळावं."

गिरगावच्या अर्ध्या पडद्यात नाना वहीतून वर पाहत राहिले. असे काही होणार हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. चौकात कुणीतरी मागून कशाला सोडला म्हणून विचारले आणि साटमांनी त्याला बस म्हटले.

पहिले दोन अभंग बुवांनी गायले. मग पेटी साटमांकडे देऊन ते जिना चढू लागले. गुडघा दुखरा, मजले तीन. साटमांनी गजर सुरू केला. श्रद्धा पडद्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती आणि कोपऱ्यातल्या तीन नावांखेरीज कुठेही बघत नव्हती.

लालबाग लाल झाले. गिरगाव हिरवे झाले. दादरमध्ये कुणीतरी जांभई दिली, ती आम्हाला स्पष्ट दिसली. नानांनी हात वर केला आणि आता थेट तार काढा, असे सांगितले. वकील असल्याने त्यांनी पत्रात नसलेली अट ऐन वेळी घातली होती. नीलेशने माझ्याकडे पाहून डोळा मारला, कारण हेच आदल्या दिवशी तीनदा करून झाले होते. त्याने तार काढली. वैद्यबाई टाळ्या वाजवत राहिल्या, तालाच्या जरा पुढे.

मग वर बुवांनी बटण सुरू केले असणार. लालबागचा लाल रंग गेला. तिथे पिवळा आला; हा रंग श्रद्धाने रात्रीतून नवा घातला होता, नकाशा उतरवून घेत असल्याची खूण म्हणून. मी घड्याळ लावले. बेचाळीस सेकंद पिवळा. त्यानंतर निळा. गिरगाव हिरवेच राहिले. डावा अर्धा चालू, उजवा अर्धा चालू. गजर तिसऱ्या पट्टीत गेला होता आणि मागच्या चार बायकांपैकी एकीने मसाल्याच्या डब्यावर ठेका धरला होता.

श्रद्धाने हाताची घडी सोडली. एवढेच केले. नीलेशने तिच्या पाठीत एक धपका घातला, तेव्हा ती हसायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही.

बुवा जिना उतरून आले तेव्हा गजर रंगात होता. मधून वाट होती, पेटीशेजारी त्यांची जागा रिकामी होती. ते कडेकडेने मागे गेले, चपला काढल्या, शेवटच्या ओळीत बसले आणि शेजाऱ्याच्या हातातली झांज घेतली.

पडद्यावर नानांनी ते पाहिले. आपल्या माइकवरून ते म्हणाले, "गावडेबुवा, पुढे या."

बुवांनी हाताने थांबा असे सांगितले. गजर संपेपर्यंत ते तिथेच होते.

भजनानंतर तिन्ही ठिकाणच्या समित्यांनी आपापल्या जागी बसून पडद्यावरूनच सभा घेतली. ती नऊ मिनिटे चालली. आधीच्या दोन सभा मोडल्याची आठवण कुणी काढली नाही. नानांनी पत्र मागे घेतले आणि इतिवृत्त स्वतः लिहिले: नेटवर्क एकत्रच राहील; दीपाचा क्रम पूर्वीचाच; मुकादमाबाबत मानाचा क्रम रद्द. त्यांनी पुढे एक अट घातली, सर्वांनी ती मान्य केली. चौकात सगळ्यांना शेवयांची खीर दिली गेली. माझ्या वाटीत काजू जास्त होते, हे मसाल्याच्या बाईंनी स्वतः बघितले.

रविवार, पुन्हा दादर

अट अशी होती की, बुद्धिबळाचा तो सामना पहिल्यापासून पुन्हा खेळला जावा.

बस दुपारची होती, म्हणून मी सकाळी वैद्यबाईंच्या मागे बसून तो पाहिला. श्रद्धाही होती, तिला सुट्टी होती, तरी आली. डंक चालू होता, हे लालबागहून नीलेशने कळवले. फलकावर गिरगाव हिरवे होते, कालपासून. सामना दोन तास चालला. दादरच्या केंद्रात थालीपिठे आली, ती संपली. बाईंनी एक प्यादे पुढे सरकवले आणि खडू पर्समध्ये ठेवला. पडद्यात नाना बराच वेळ पटाकडे बघत होते. मागून त्यांच्या पत्नी काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आले नाही.

मग नानांनी मान वर केली. "श्रद्धा, जरा बघ गं. मध्ये कुठे बंद पडला होता का हा?"

श्रद्धाने फलक पाहिला, यंत्राची नोंद उघडून पाहिली.

"नाही, नाना."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

नानांनी राजा आडवा केला आणि वैद्यबाईंना हात जोडले.